सुपे मुक्कामी वैशाखाचे ऊन कोंडिले, त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करोन, कुलस्वामिनीस वंदन करोन, आणि जी पहाटे पाचास जाते व साडेसातास परतते त्या विजेसही दुरोनच हात जोडोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कसबे सुपे, तालुके पारनेर, जिल्हा अहमदनगर हल्ली अहिल्यानगर, येथे थंडीशी जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे काही घातले नाही. वाचणाराने पाय पांघरुणात घेऊन वाचावे, कारण मुलूख माळाचा, वारा मोकाट, आणि पौषात तेथील स्टीलचे पिंप हातास चावते.

तरी मोहिमेचे सरलष्कर राजमान्य राजश्री नृसिंहपंत पाठक. यांनी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात एकतीस वर्षे चाकरी केली. यंत्रे जहाजावर चढोन परमुलखी जात, तेव्हा दर्याच्या दमट हवेने त्यांस गंज चढू नये याचा बंदोबस्त पंतांकडे होता. त्याकरिता ते प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पोटल्या ठेवीत. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' ऐसे लिहिलेली पुडी निघते, तीतले साबुदाण्यासारिखे पांढरे मणी ते हेच. पंतांचा स्वभाव मोजण्याचा. जिन्याच्या पायऱ्या, आमटीतील फोडी, पाहुण्यांचे चहाचे घोट, सर्व त्यांस पाठ. मग निवृत्तीचे समयी कारखान्याचा मुदत टळलेला माल भंगारात निघाला, आणि पंतांनी त्यातील एकशे ऐंशी किलो मणी निळ्या ड्रमांत भरोन टेम्पोने घरी आणिले. दाराशी कबिला शोभाबाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी तीन ड्रम नजरेने मोजले आणि विचारले,

"रिटायर झाल्यावर लोक घड्याळ आणतात ना हो?"

पंतांनी ड्रम आत ढकलिले. थोरांचे बेत वेळेआधी फुटत नसतात.

आता या मण्यांचा गुण सांगतो, कारण पुढील सर्व जयापजय त्यावर आहे. कोरडा मणी हवेतील ओल पितो, आणि पिता पिता तापतो. तापवोन त्याचे पाणी घालविले की तो पुन्हा कोरडा. मग त्यास घट्ट झाकणात कोंडिला, ओलीचा वारा लागू दिला नाही, तर वैशाखातले ऊन त्याचे पोटी पौषापर्यंत जैसेचे तैसे राहते, आणि ज्या दिवशी ओल पाजाल त्या दिवशी बाहेर पडते. परीक्षाही सोपी. मूठभर मणी घ्यावे, पाण्याचे चार थेंब शिंपडावे, मूठ आवळावी. मणी तडतडले आणि तळवा भाजला, तर खजिना भरलेला. मूठ थंड राहिली, तर लुटला गेला.

ऐसे असता वैशाखात वर्तमान आले की कन्या मनवा, जी पुण्यास दिली होती, तीस दिवस गेले. घरात आनंद जाहला. मग विहीणबाई सुहासताई यांचा व्हिडिओ कॉल आला. या पुण्यातील कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका. तीन पिढ्यांस त्यांनी रांगेत उभे केलेले, आणि कॉलवरही माणसे त्यांसमोर रांगेतच बसत. त्यांनी फर्मान वाचिले ते येणेप्रमाणे.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे, आमची हरकत नाही. पण सुप्याची थंडी आम्ही साखरपुड्याला पाहिली आहे. डॉक्टरांनी कोळशाची शेगडी नको, धुरी नको, खोली मात्र चोवीस अंश हवी असं सांगितलंय. बाळ दहा दिवसांचं झालं की मी येईन, थर्मामीटर घेऊन. सकाळी न्हाणं झाल्यावर खोली चोवीस नसली, तर त्याच गाडीतून दोघांना पुण्याला नेईन."

"हीटर लावू की," शोभाबाई म्हणाल्या.

"पहाटे तुमच्याकडे वीज असते?"

वीज तर पाचासच जाई. घरी इन्व्हर्टर होता, परंतु त्याची ताकद एक पंखा आणि दोन दिवे एवढीच. हीटर लाविला की तो किंकाळी फोडोन बेहोश होई. तेव्हा पंत पुढे सरकले, कॅमेऱ्यात त्यांचे कपाळ तेवढे दिसू लागले, आणि ते बोलते जाहले, "चोवीस ना? दिले."

शोभाबाईंनी टेबलाखालोन चिमटा काढिला, परंतु शब्द गेला होता.

या शब्दामागे एक आकडा होता तो येथे लिहिणे प्राप्त. लग्नास चार वर्षे जाहली, आणि त्यात मनवा माहेरी एकंदर एकोणतीस रात्री राहिली. येई ती लॅपटॉप घेऊन, जाई ती डबा घेऊन. हा आकडा पंतांनी कोणास सांगितला नव्हता, शोभाबाईंसही नाही. बाळंतपणाचे चाळीस दिवस हे एकदाच मिळणार होते, आणि ते अंश-दोन अंशांवरोन पुण्यास जावे, हे पंतांस सोसणारे नव्हते.

मग गच्चीवर छावणी पडली. पंतांनी जुन्या खिडक्यांच्या काचा जमा केल्या, पत्र्याचे उथळ पेटारे काळ्या रंगाने रंगविले, त्यांत मणी पसरोन वर काचा घातल्या, आणि काचेखाली उन्हाची ऐसी कोंडी जाहली की आतील जुना थर्मामीटर शंभराचे पुढे जाऊन फुटला. परंतु गच्ची शोभाबाईंच्या अमलातली. वैशाख म्हणजे कुरडया, पापड, सांडगे यांचा महिना, आणि पूर्वापार वहिवाट त्यांची. दोन दिवस खडाजंगी जाहली. अखेर तह ठरला की पाण्याच्या टाकीपासोन पूर्वेचा मुलूख मण्यांचा, पश्चिमेचा कुरडयांचा, आणि कावळे हाकणे उभयतांनी आळीपाळीने. अवकाळी पाऊस येण्यापूर्वीच सर्व माल भाजोन निघाला. पंतांनी मूठ आवळली, आणि तळवा ऐसा भाजला की तूप लावावे लागले. ते तूप त्यांनी अभिमानाने लाविले.

खजिना पुन्हा तिन्ही ड्रमांत भरिला, झाकणाखाली सायकलची ट्यूब कापोन बसविली, ड्रम जिन्याखाली मांडिले, वर जुनी गोधडी पांघरली, आणि घरात हुकूम जारी केला की मार्गशीर्षापर्यंत ड्रमास कोणी हात लावू नये, खुद्द पंतांनीही नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. भिंतींस ओल आली, मीठ पाझरले, काड्यापेटी पेटेना. पंत रोज सकाळी गोधडीवरोन ड्रमांस थोपटीत आणि म्हणत, "पीत बस बाहेर. आत येशील तर खरं." हे ते ओलीस उद्देशोन म्हणत. आपला हुकूम त्यांनी स्वतः मोडला नाही, आणि येथेच घात जाहला.

मार्गशीर्ष लागला. मनवा नववा महिना घेऊन माहेरी आली. चहा होताच पंतांनी तीस जिन्याखाली नेले, खुर्ची दिली, आणि किल्ल्याचा दरवाजा उघडावा तैसी गोधडी ओढिली. पाहतात तो निळे झाकण नाही. ड्रमावर स्टीलचे ताट. दुसऱ्यावरही ताट. तिसऱ्यावर परात.

"शोभा!"

शोभाबाई पदराला हात पुशीत आल्या.

"हे काय आहे?"

"ताट."

"झाकण कुठाय?"

"ते काय मागे उभं केलंय. ते उघडता-लावता बोटं मोडतात हो. ताट बरं पडतं. आणि मुंगी गेली नाही आत, बघा हवं तर."

"ट्यूब?"

"ती कुकरला बसते का बघितली. नाही बसली."

पंतांनी मूठभर मणी घेतले. मनवेने आपल्या बाटलीतील पाणी शिंपडिले. मूठ आवळली. मण्यांनी हूं की चूं केले नाही. मूठ थंड, पावसाळी, जैसे कोणी ओला रुमाल हाती द्यावा.

मग चौकशी बसली, आणि फितुरी उघड जाहली ती येणेप्रमाणे. श्रावणात कुरडया मऊ पडू लागल्या. शोभाबाईंस आठवले की बुटांच्या खोक्यात ही पुडी असते ती ओलीसाठीच. त्यांनी वाटीभर मणी फडक्यात बांधोन कुरडयांच्या डब्यात टाकिले. दुसरे दिवशी कुरडई मोडिली तर कडकन मोडली. ती कडकन मोडल्याचा आवाज शेजारी गेला. मग एकीस वाटी दिली, दुसरीस दिली, आणि वाट्या भरोन आळीभर गेल्या, गणपतीच्या आरतीस आलेल्या बायका तर जाताना प्रसादाबरोबर पोटलीही घेऊन गेल्या. दर वाटीस ड्रम उघडला, कधी या बाजूचा, कधी त्या, आणि दर खेपेस ताट जैसे बसेल तैसे बसले. एकंदर वाट्या सत्तावीस. परंतु वाट्या गेल्या त्याचे दुःख नव्हते. ताटाच्या फटीतोन चार मासांची ओल आत शिरली, आणि उरलेले मणी पिऊन पिऊन टम्म बसले होते.

मनवा पोट धरोन हसू लागली. पंत हसले नाहीत.

"हे ऊन होतं शोभा. बाळाचं ऊन होतं ते."

"तुमचं ऊन दिसतं का कुणाला? कुरडई दिसते," शोभाबाई बोलल्या. मग मात्र त्यांचा आवाज उतरला. "मला वाटलं, झाकलंय ना. झाकलं की झालं. गहू नाही का राहत ताटाखाली वर्षभर?"

पंत त्या दिवशी एक पोळी कमी जेवले.

दुसरे दिवशी पुन्हा पेटारे गच्चीवर चढले. परंतु मार्गशीर्षाचे ऊन तिरपे, चार वाजता पडद्याआड जाणारे, आणि पहाटे काचेवर दंव बसोन राही. बारा दिवसांत अवघे चौदा किलो कोरडे जाहले. याप्रमाणे हिशेब केला तर सर्व खजिना भरण्यास पाच महिने लागावेत, आणि तोवर बाळ बसू लागले असते. पंत हवालदिल होऊन जिन्यावर बसले. तेव्हा फितुरीचे मूळ ज्या शोभाबाई, त्याच मसलत घेऊन आल्या.

"गोजरबाईकडे जाऊ या."

गोजरबाई ही बाजारपेठेतील फुटाण्यांच्या भट्टीची मालकीण. चाळीस वर्षे हरभरा भाजोन तिचे हात खापरासारिखे जाहले होते. आगीचा तिचा अभ्यास ऐसा की ती ज्वाळेकडे पाहत नसे, आवाज ऐके. शोभाबाईंस पाहताच ती उठोन उभी राहिली. कारण सत्तावीस वाट्यांपैकी दोन तिच्या लाह्यांच्या डब्यात होत्या.

"या बाई! तुमच्या त्या पोटलीनं लाह्या आशा कुरकुरीत ऱ्हायल्या, गिऱ्हाईक म्हनतंय, मावशी, मसाला बदलला काय? ... आन् पंत, ह्ये पोत्यात काय आनलंय? साबुदाना हाय व्हय?"

पंतांनी सर्व मसला समजावोन सांगितला. वैशाखाचे ऊन, ओल, पौष, चोवीस अंश.

"म्हंजी वाळवायचंय," गोजरबाई म्हणाली.

एकतीस वर्षांचे शास्त्र एका शब्दात आटोपले हे पंतांस किंचित लागले, परंतु गरज मोठी होती. दुपारी दोन ते पाच भट्टी रिकामी असे, तो वेळ गोजरबाईने दिला. शर्त एकच. "माजी पोटली मातर मला परत पायजे. ताजी भाजून."

पहिला घाणा आठ किलोचा. पंत कढईत डोकावोन म्हणाले की आणखी जाळ हवा, गोजरबाई म्हणाली नको, पंत म्हणाले मी पॅकिंग खात्यात होतो, आणि जाळ वाढविला. मणी तपकिरी पडले, फुटले, चुरा जाहला. आठ किलो कामास आले ती लढाई पंतांच्या खाती लिहिली आहे. मग गोजरबाईने पंतांस बाकावर बसविले, हातात फुटाण्यांचा पुडा दिला, आणि आपली रीत लाविली. कढईच्या कडेला ज्वारीचे चार दाणे टाकिले. दाणा उडोन लाही जाहली म्हणजे आग मण्यांस जास्त, जाळ ओढावा. दाणा नुसता तांबूस राहिला म्हणजे बरोबर. तिने झारा फिरविला, आणि कढईतोन वाफेचे लोट उठले. त्या वाफेस वास आला हिंगाचा, जिऱ्याचा, कुरडईचा, कारण ताटाच्या फटीतोन चार मास मण्यांनी ओलीबरोबर घरातला वासही प्याला होता. अवघी पेठ हुंगू लागली. तीन गिऱ्हाइके येऊन विचारोन गेली की पापड किती दिवसांनी निघणार.

ऐसे पाच दुपारी चालिले. आळीतल्या बायकांनी पोटल्या परत आणोन दिल्या, सत्तावीसपैकी बावीस. पाच वाट्यांचा पत्ता लागला नाही. एकशे वीस किलो मणी खणखणीत जाहले, दोन ड्रम भरले, नवी ट्यूब बसली, आणि पंतांनी झाकणांस कुलूप लावोन किल्ली जानव्यात बांधिली. बाकीचे ओले मणी तिसऱ्या ड्रमात पडोन राहिले. पाचव्या दुपारी शेवटचा घाणा उतरत असता मोबाईल वाजला, आणि मनवेस नगरास नेले, नऊ दिवस आधीच. रात्री नात जाहली. वजन दोन किलो सातशे. पंतांनी ते दोनदा विचारोन घेतले.

चौथे दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. पाचवे दिवशी पहाटे पंतांनी पहिला हल्ला केला. खोलीबाहेर ड्रम मांडिला, तळाशी भोक, वर नळकांडे, नळकांडे खोलीत, आणि इन्व्हर्टरवरील पंखा हवा तळातोन वर ढकलतो ऐसी रचना. थर्मामीटर पंधरावर. पंखा सुरू जाहला. सोळा. साडेसोळा. सतरा. पुढे काटा हलेना. पंतांनी मूठ-परीक्षा घेतली, तर तळवा भाजला. खजिना भरलेला, आणि फौज उपाशी!

पंत विचार करिते जाहले, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारिला. पौषाच्या तोंडी सुप्याची हवा कोरडी ठणठणीत. ओठ फुटतात, टाचा फुटतात. मण्यांस प्यावयास ओलच नाही! ज्या शत्रूस चार मास वेशीबाहेर शिव्या दिल्या, तो ऐन लढाईचे दिवशी मुलूख सोडोन गेला होता, आणि आता त्यास पायघड्या घालोन आणावे लागणार होते.

मग पंतांनी ओली पोती आणविली आणि पंख्यापुढे टांगिली. थर्मामीटर चौदावर आला. पाणी वाळताना पोते गार पडते, हवा गार होते, आणि मणी जी ऊब देतात ती त्या गारव्याची भरपाई करण्यातच खर्च होते. याउपर पोते अधिक भिजविले तर साडेतेरा. खोलीतोन मनवेचा आवाज आला.

"बाबा, हा पंखा बंद करा. बाळाला शिंका येतायत."

पंतांनी पंखा बंद केला आणि आत जाऊन उभे राहिले. मनवा तीन चादरींत होती, आणि बाळाचे नाक तेवढे टोपड्यातोन दिसत होते.

"बाबा, एवढं काय त्यात? मी पुण्याला जाईन. तुम्ही या की तिकडे."

"येऊ की," पंत म्हणाले.

"रागावलात?"

"नाही. ड्रमाचं कुलूप लावायचं राहिलंय," ऐसे बोलोन ते बाहेर गेले. कुलूप लाविलेलेच होते.

न्हाऊ घालावयास झुंबरबाई येत असे. साठीची बाई, दंडात बळ, तोंडात तिखट. बंब मागील अंगणात पेटे, आणि त्याच्या कढत पाण्याने ती आधी बाळंतिणीस आणि मग बाळास न्हाऊ घाली. नववे दिवशी सकाळी ती न्हाणीतोन ओरडली.

"पंत, ह्या न्हानीचं कायतरी बघा की! वाफंनं मला पोरगी दिसंना, तोंड कुठलं आन् पाय कुठला. दार उगडावं तर गारठा, लावावं तर धुकं. ही वाफ घालवू कुठं मी?"

पंत चहा पीत होते. कप तसाच राहिला. मग ते बशीसकट धावत न्हाणीच्या दाराशी गेले आणि तेथे उभे राहोन वाफेकडे ऐसे पाहू लागले जैसे बारा वर्षांनी परतलेल्या भावाकडे पाहावे.

"झुंबरबाई, घालवू नका! मला द्या!"

"आता वाफ बी मागायला लागले," झुंबरबाई मनवेस म्हणाली. "पावन्या यायच्या आत ह्यांना कुनाला तरी दाकवा."

ही ओल गार पोत्याची नव्हती. तीस ऊब बंबाने दिलेली, आणि ती नाहक झरोक्यातोन आभाळी जात होती. त्याच दिवशी पंतांनी न्हाणीच्या झरोक्यापासोन ड्रमाच्या तळापर्यंत नळकांडे आणिले, सांधे कणकेने लिंपिले, कारण दुसरे काही हाताशी नव्हते, आणि शोभाबाईंनी ती कणीक न मागता मळोन दिली. बंबाचा धूर बाहेरचे बाहेर, वाफ मण्यांच्या पोटी, आणि कोरडी ऊब खोलीत, ऐसा व्यूह ठरला. आजमावण्यास वेळ नव्हता.

दहावे दिवशी, पौष शुद्ध षष्ठीस, सूर्योदयापूर्वीच विहीणबाईंची गाडी दाराशी उभी राहिली. जावई अनीशराव गाडी चालवीत होते. ते इंजिन बंद न करता बसोन राहिले, कारण आईसाहेबांची आज्ञा तैसी होती. वीज नेमाप्रमाणे गेलेली. सुहासताई शाल लपेटोन खोलीत आल्या, नातीकडे एकवार पाहिले, थर्मामीटर खुंटीस टांगिला, आणि खुर्चीवर परीक्षेस बसाव्या तैशा बसल्या.

"पंधरा," त्यांनी वाचिले.

मनवा न्हाणीत गेली. झुंबरबाईने पहिला तांब्या ओतिला, वाफ उठली, आणि पंतांनी पंखा सुरू केला. नळकांड्यातोन प्रथम काही आले नाही. मग ऊन वारा आला. सतरा. एकोणीस. पंत ड्रमास हात लावोन उभे होते, आणि ड्रम तापत होता. विहीणबाईंनी नाक उचलिले.

"पापड भाजताय का?"

"मण्यांचा वास आहे तो," शोभाबाई घाईने बोलल्या. "जुनी ओळख आहे."

वीस. एकवीस. मनवा न्हाऊन आली, केस पंच्यात गुंडाळलेले, आणि दारातच थबकली. "अय्या, ऊब आलीय की!" झुंबरबाईने बाळ घेतले. बावीस. पंत न्हाणीच्या दाराशी जाऊन विनवू लागले, "बाई, जरा सावकाश न्हाऊ घाला. पाणी आहे ना?"

"पानी लई हाय, पन पोरगी इवलीशी हाय! किती येळ घासू? झिजंल ना!"

तेवीस. बंबाचा जाळ उतरू लागला, वाफ विरळ जाहली. साडेतेवीस. तेथे काटा उभा राहिला. झुंबरबाईने बाळास दुपट्यात गुंडाळोन खोलीत आणिले. न्हाणे संपले. कराराची घटका भरली. बाहेर गाडीचे इंजिन चालू होते ते सर्वांस ऐकू येत होते.

पंतांनी थर्मामीटर पाहिला. त्यांस 'चोवीस' हा एक शब्द पुरे होता, आणि तो चार माणसांत कोणी तपासलाही नसता. परंतु जन्मभर मोजत आलेला माणूस. तो म्हणाला, "साडेतेवीस."

शोभाबाईंनी डोळे मिटले. मनवा बापाकडे पाहत राहिली.

सुहासताईंनी हात पुढे केले. झुंबरबाईने नात त्यांच्या मांडीवर दिली. तिने दुपट्यातोन एक पाय बाहेर काढिला, मग दुसरा, लाथ मारोन दुपटे सारिले, जांभई दिली आणि झोपी गेली. सुहासताईंनी तिची पावले हातात धरोन पाहिली. मग आपली शाल काढिली, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेविली, आणि थर्मामीटरकडे मान वर करोन म्हणाल्या,

"चोवीस."

"नाही हो, साडे..." पंतांनी सुरुवात केली.

"नृसिंहराव, मला चोवीस दिसतंय. माझा चष्मा पुण्यात राहिलाय."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो सर्वांनी पाहिला, आणि कोणी पाहिला नाही.

"अनीशला म्हणावं, गाडी बंद कर. पेट्रोल जळतंय. आणि आत ये, बाहेर थंडी आहे."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. झुंबरबाईने नौबतीच्या जागी तांब्या आपटिला. गोरगरिबांस दान करण्याजोगे घरात कुरडयाच होत्या, त्या तळिल्या, आणि त्या कडकन मोडल्या. खोलीत ऊब पावणेदोन तास टिकली, तोवर वीज आली. खर्ची पडलेले मणी दुपारी शोभाबाईंनी स्वतः गोजरबाईकडे नेले, आणि तिची पोटलीही ताजी भाजोन पोचविली. पुढे हाच शिरस्ता पडला की पहाटे एक ड्रम लढे आणि दुसरा भट्टीवर विसावा घेई.

संध्याकाळी विहीणबाई परत निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या आणि आवाज किंचित खाली घेऊन बोलत्या जाहल्या, "आमच्याकडे पावसाळ्यात पापड फार मऊ पडतात हो. ते मणी... वाटीभर मिळतील का?"

शोभाबाईंनी पदर तोंडास लाविला आणि पंतांकडे पाहिले नाही. पंत जिन्याखाली गेले. जानव्याची किल्ली काढिली, कुलूप उघडिले, ट्यूब सोडिली, आणि स्वहस्ते वाटी भरिली, शीग लावोन. मग झाकण लाविले, ट्यूब बसविली, आणि वर कवतिकाने ताटही ठेविले.

शेवटली नोंद. मोहिमेत कामास आले मणी आठ किलो, ते सरलष्करांच्या अतिशहाणपणे. परत न आल्या वाट्या पाच, माफ. विहीणबाईंस दिली वाटी एक. मिळविलेले अंश साडेआठ, त्यावरील अर्धा अंश विहीणबाईंनी पदरचा घातला, तो परत मागितलेला नाही. मनवेच्या माहेरच्या रात्री लग्नापासोन एकोणतीस होत्या, ऐसे वर लिहिले. आताचा आकडा लिहिण्यास जागा कोरी ठेविली आहे, कारण पंत तो रोज सकाळी बदलतात.